पथ्य सोडायचं जेवण

८ डिसेंबर. सकाळपासून मी भावाच्या पडवीत खाट लावत होते. त्याच्याच पिकअपची जुनी ताडपत्री गादीच्या मापाने कापली, गादीवर घातली आणि वर एक लुगडं दुमडून अंथरलं. मुंबईच्या रुग्णालयातून त्याला घेऊन गाडी निघाली होती. दुपारपर्यंत ती उमरठच्या पुढे आमच्या वाडीवर पोचणार होती. पोटातलं पाणी जिथून काढलं तिथून अजून पाझरतंय, असं भावजयीने फोनवर सांगितलं होतं. ताडपत्री नसती तर गादी एका दिवसात वाया गेली असती.

डॉक्टर "आता घरी न्या" म्हणाले की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. आम्हीही विचारला नाही. भाऊ माझ्याहून लहान, अजून पन्नाशीही गाठली नव्हती. त्याला हेपटायटिस बी होता आणि त्यावरची रोजची गोळी त्याने स्वतःच्या मनाने बंद केली होती. खाटेच्या पायांखाली चपट्या विटा सरकवताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

मी बिरवाडीत खानावळ चालवते. कारखान्यांतली, खोल्या घेऊन राहणारी मुलं माझ्याकडे दोन वेळ जेवतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका दुपारी, पंगत उठत असताना, भाऊ तिथे आला. गाडीत पोती चढवून उतरवून त्याला हर्निया झाला होता. महाडला ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधीचं रक्त तपासून तो आला होता.

"आक्का, हे बघ काय लिवलंय. सर्जन म्हणतो आधी पोटाच्या डॉक्टरला दाखव, मग कापतो. कावीळ हाय म्हणे."

मी त्याला दारात उजेडाला उभं केलं आणि डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली.

"डोळे तर पांढरे हायत तुझे."

"तेच मी म्हणतो. भूक हाय, झोप हाय. काल कशेडीचा घाट दोनदा चढून आलो. कावीळवाला मानूस असा असतो का?"

कागदावर एचबीएसएजी या अक्षरांपुढे पॉझिटिव्ह असं लिहिलेलं होतं. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. पोटाच्या डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो, भाऊ, भावजय आणि मी. डॉक्टर तरुण होता आणि घाईत नव्हता, हे आमचं नशीब. तो म्हणाला, विषाणू अंगात आहे एवढंच ही तपासणी सांगते. कधी आला, कुठून आला, ते ती सांगत नाही. सहा महिन्यांनी परत तपासू. तेव्हाही असला तर तो मुक्कामाला आलाय असं समजायचं.

भावजयीने विचारलं, "गाडीवर असतात ना, बाहेरचं खातात, पाणी पितात. त्यानं झालं असंल?"

"नाही. पावसाळ्यात घाण पाण्यातून होते ती कावीळ वेगळी. ती येते आणि जाते. ही जेवणातून, पाण्यातून, एका ताटात खाल्ल्याने, खोकल्याने होत नाही. मिठी मारून होत नाही, डासाने होत नाही. ही रक्तातून जाते. बाळंतपणात आईकडून बाळाला. दुसऱ्याची सुई, दुसऱ्याचं ब्लेड, न्हाव्याचा न धुतलेला वस्तरा. आणि शरीरसंबंधातून."

शेवटचा शब्द ऐकून भावजयीने पदर सावरला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. ड्रायव्हरची बायको ती. घाटातल्या ढाब्यांविषयी गावात काय बोलतात ते तिने लग्न झाल्यापासून ऐकलेलं. त्या दिवसापासून ती खिडकीबाहेरच बघत राहिली म्हटलं तरी चालेल.

डॉक्टरने घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितली. माझा कागद आला तो सर्वांत चमत्कारिक. विषाणू नाही, पण तो कधीतरी येऊन गेल्याची खूण आहे, आणि त्याच्याविरुद्धची ताकदही अंगात आहे. म्हणजे मलाही झाला होता. कधी, ते मला माहीत नाही. माझी मी बरी झाले. डॉक्टरने आईची चौकशी केली. आई आमची लवकर गेली. पोट मोठं झालं होतं, पाय सुजले होते, वाडीत सगळे करणी म्हणाले आणि वडिलांनी दोन कोंबडे दिले. डॉक्टरने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, आईकडूनच आला असण्याची शक्यता जास्त आहे. लहानपणी शिरलेला हा सहसा निघत नाही. तुमच्या अंगातून निघाला, यांच्या अंगातून निघाला नाही, असं दिसतंय.

एकाच पोटातून आम्ही दोघं आलो. याच्यावर मी फार विचार करत नाही. करून काही हाती लागत नाही.

भावजयीचा कागद कोरा आला, म्हणजे विषाणूही नाही आणि ताकदही नाही. तिला लसीचे तीन डोस घ्यायला सांगितले. त्यांच्या मुलीला तान्हेपणीच लस मिळाली होती आणि तिची ताकद कागदावर दिसत होती.

सहा महिन्यांनी भावाचा कागद परत पॉझिटिव्हच आला. मग बाकीच्या तपासण्या झाल्या. रक्तात विषाणू किती, यकृताला इजा किती, ते कडक किती झालंय. थोडं कडक झालं होतं. गोळी सुरू झाली, रोज एक, बहुतेक जन्मभर. या सगळ्या कागदांचा मेळ मी खानावळीच्या हिशोबाने लावला आणि भावालाही तसाच सांगितला.

"हे बघ. पहिला कागद सांगतो घरात उंदीर हाय का नाय. दुसरा सांगतो किती फिरतायत. तिसरा सांगतो पोती किती कुरतडली. गोळी म्हणजे मांजर. मांजर दारात बसली की उंदीर बिळात राहतात. बिळातले मरत नाहीत."

"मग मांजर पाळायची जन्मभर."

"पाळायची. दूध कमी पिते ती."

हसला तो. तेव्हा हसायचा.

घरी गेल्यावर भावजयीने त्याचं ताट आणि पेला वेगळा काढला. मांडणीतून काढून पडवीतल्या कोनाड्यात ठेवला. घासायची वेगळा, राखेने, आणि वरून उकळतं पाणी ओतायची. मी बघितलं आणि विचारलं, "डॉक्टर काय बोलला ते ऐकलंस ना गो?"

"ऐकलं वन्सं. पण घरात पोरगी हाय."

"पोरगीची लस झालीय. पेल्यातून होत नाही म्हणाला तो."

"तुमाला कारखान्यातली पोरं बोलतात, मला वाडी बोलते," ती म्हणाली आणि राख घेऊन उकिडवी बसली.

गंमत अशी, की त्याच घरात खिडकीच्या गजाला एक दाढीचं पातं खोचलेलं असायचं. आमच्याकडे सगळ्या घरांत असतं. भाऊ त्याने दाढी करायचा, मग तेच पातं अर्धं मोडून नखं काढायला, सुतळी कापायला, मुलीच्या वहीची पानं सोडवायला. पायात काटा मोडला तर तोही त्यानेच काढायचा. डॉक्टरने ज्याची भीती बाळगा म्हणून सांगितलं ते पातं सगळ्यांचं एक, आणि ज्याची भीती नको म्हणाला तो पेला वेगळा. मी पातं काढून कागदात गुंडाळून चुलीमागच्या डब्यात टाकलं आणि प्रत्येकाला वेगळं नेलकटर आणून दिलं. पेला कोनाड्यातच राहिला.

खानावळीतही कुठून तरी बातमी पोचलीच. एक पोरगा, कोल्हापूरकडचा, ताटावर बसून म्हणाला, "मावशी, तुमच्या भावाला कावीळ झाली म्हणं? आमटीत काय नाय ना?"

"आमटीत मीठ कमी हाय. कावीळ टाकायचं राहिलं."

बाकीचे हसले. मी त्याला सांगितलं, तू ज्या टपरीत दाढी करतोस तिथे नवं ब्लेड लावतो का ते बघ, माझ्या आमटीचं मी बघते. तो दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी आला. दुसरे दोघं मात्र कायमचे गेले.

गोळीबरोबर वाडीचं औषधही सुरू होतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक म्हातारे काविळीचं औषध देतात. पैसे घेत नाहीत, फक्त नारळ घेतात. मुळ्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवतात, ती दिवसांगणिक सैल होत गळ्यात, मग खाली उतरते. माळ उतरली की कावीळ उतरली. तोवर पथ्य. तेल नाही, हळद नाही, मासळी-मटण नाही. आणि पथ्य आपण सोडायचं नाही, म्हाताऱ्यांनी डोळे बघून "सोड" म्हटलं की सोडायचं. मग घरी शेजाऱ्यांना बोलावून कोंबडीचं जेवण घालायचं, आजाऱ्याने सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवायचं. त्यानंतर त्या दुखण्याचं कसलंही औषध तोंडात घ्यायचं नाही. घेतलं तर दुखणं परत बोलावल्यासारखं होतं, असं आमच्याकडे धरतात. मी माळेला विरोध केला नाही. माळेने काही बिघडत नव्हतं, आणि गोळी चालू होती.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात विषाणूंच्या मोजणीचा कागद आला. त्यावर, रक्तात विषाणू आढळला नाही, असं होतं. पहिली तपासणी मात्र होती तशीच पॉझिटिव्ह. डॉक्टरने दोन्ही ओळींखाली पेनाने रेघ मारून सांगितलं, औषध चांगलं लागू पडतंय, बंद करायचं नाही, यकृत आधीच कडक आहे, अचानक बंद केलं तर जोराने उलटेल. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. भावानेही ऐकलं, मान हलवली.

पण त्याने त्यातली एकच ओळ धरली. मोबाइलमध्ये त्या ओळीचा फोटो काढला आणि वाडीत, पोलादपूरच्या स्टँडवर, गाडीवाल्यांना, ज्याला त्याला दाखवला. आढळला नाही. मग तो म्हाताऱ्यांकडे गेला. माळ कधीच उतरली होती. त्यांनी डोळे बघितले आणि "सोड" म्हटलं.

जेवणाला मीही होते. चांगली मोठी पंगत होती. तांदळाच्या भाकऱ्या मीच थापल्या. भाऊ मध्ये बसला होता, नवा शर्ट घालून. म्हातारे स्वतः आले नव्हते, त्यांनी नारळ पाठवला होता. भावजय वाढत होती आणि तिने त्याच्या पुढे ठेवलेला पेला कोनाड्यातला नव्हता. सगळ्यांच्या पेल्यांतलाच एक. वाडीतली एक म्हातारी त्याला म्हणाली, "बाबा, सुटलास रे! आता ढाब्यावरचं पानी पिऊ नको म्हंजे झालं."

"ढाब्यावर पानी पितो कोन, काकी?" दुसरा एक म्हणाला, आणि पंगत हसली. भावजयीने भाताची परात उचलली आणि आत गेली.

त्या दिवसापासून त्याने गोळी घेतली नाही. हे मला माहीत नव्हतं. भावजयीला वाटलं, औषध संपलं.

भाद्रपदात, गौरी गेल्यावर, भावजयीचा फोन आला. "वन्सं, यांचे डोळे पिवळे झालेत. या वेळी खरंच पिवळे." मी स्वैपाक शेजारणीच्या हवाली केला आणि एसटी पकडली. तो पडवीत भिंतीला टेकून बसला होता, लघवी हळदीच्या पाण्यासारखी होते म्हणाला. मी गोळ्या मागितल्या. तो उठला नाही. "गाडीत हायत," म्हणाला. पिकअपच्या पुढच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या मागे, गोळ्यांच्या बाटल्या होत्या, सील न तोडलेल्या. मला दाखवायला तो दर महिन्याला महाडहून बाटली आणत होता.

"कधीपासून रे?"

"जेवन झालं तेव्हापास्नं."

"डॉक्टरने सांगितलं होतं ना? मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस."

"मग?"

त्याने आतल्या दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, आत बायकोला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "आक्का, रोज रात्री तिच्यासमोर गोळी घ्यायला लागायची. ती बघायची. काय बोलायची नाय, नुसती बघायची. जेवन झाल्यावर तिनं माझा पेला मांडणीत लावला. परत गोळी काढली असती तर पेला परत बाहेर गेला असता."

मला राग आला होता आणि मी तो ओकलाही. आता त्याची उजळणी करण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी त्याला महाडला नेलं. डॉक्टरने कागद बघितले, तोच तो तरुण डॉक्टर, आणि पहिल्यांदाच घाईत वागला. गोळी लगेच परत सुरू केली, मुंबईला पाठवलं. तिथे महिने गेले. पोटात पाणी झालं, काढलं, परत झालं. त्या पाण्यात जंतू झाले. मग मूत्रपिंडांनी अंग काढून घेतलं. यकृत बदलायचा विषय एका डॉक्टरीणबाईंनी काढला आणि त्याच बोलण्यात, या अवस्थेत ते होणार नाही, असंही सांगितलं. गोळीने मोजणी पुन्हा खाली आणली होती. मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, विषाणू कमी झालाय, पण यकृत उरलेलं नाही. उंदीर बिळात गेले होते आणि पोती संपली होती.

तर ८ डिसेंबरला दुपारी गाडी आली. चौघांनी त्याला चादरीत उचलून खाटेवर ठेवलं. हातपाय काटक्यांसारखे, पोट घट्ट, कातडी जुन्या पितळेच्या रंगाची. डोकंही ठिकाणावर नव्हतं. रक्तात विषारी द्रव्य साठलं की असं होतं, असं सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घाटात दरड आलीय. गाडी बाजूला घे."

"घेतली," मी म्हणाले.

"मागं लाईन लागली असंल."

"लागू दे."

त्याचं समाधान झालं. डोळे मिटले.

वाडीतले लोक येऊन लांब उभे राहून गेले. पंगतीला आले होते त्यांतले बरेच होते. कोणी पडवीची पायरी चढलं नाही. पंगतीत सुटलास म्हणणारी म्हातारी तेवढी आली, खाटेजवळ बसली, त्याच्या पायावर हात ठेवून. तिला कोणी काही समजावून सांगितलेलं नव्हतं. बसावंसं वाटलं म्हणून बसली असेल.

दिवेलागणीला भावजय आणि मी मागच्या दारी बसलो होतो. तिने मुंबईत इतके दिवस काढले होते, रुग्णालयाच्या जिन्यात झोपून. चेहरा ओळखू येत नव्हता. ती म्हणाली, "वन्सं, एक विचारू? खरं सांगा. यांना सासूबाईंकडूनच आलं असंल ना?"

मी नुसतं हो म्हणू शकले असते. तिला बरं वाटलं असतं, आणि तसं म्हटलं तर ते खोटंही ठरलं नसतं.

"बहुतेक तसंच. आईचं पोट, माझा कागद, सगळं त्याच बाजूला जातं. पण नक्की कोणी सांगू शकत नाही."

"एवढे कागद झाले. कुठंच लिवलेलं नसतं?"

"नसतं. अंगात आहे का, किती आहे, नुकसान किती केलं, तेवढं लिहितात. कोणाकडून आलं ते कुठल्याच तपासणीत येत नाही."

"यांना विचारलं असतं."

"आता विचारून उपयोग नाही."

"आता नाय," ती म्हणाली. आत खाट करकरली तशी ती उठायला लागली, परत बसली. "मी कधीच विचारलं नाय. दोन वरसं. नुसतं मनात ठेवलं."

तो माझ्यापाशी काय बोलला होता ते मी तिला सांगितलं नाही. पेल्याचं ओझं तिने आयुष्यभर वाहायचं कारण नव्हतं. मी कामाचं विचारलं, "तुझी तिन्ही इंजेक्शनं झाली ना गो?"

"दोन झाली. तिसरं राहिलं."

"का?"

"आज जाऊ, उद्या जाऊ केलं, तोवर हे बरे झाले म्हटलं. पथ्य सुटलं. मग कशाला परत सुई टोचून घ्यायची."

आतून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. तिच्या हाताच्या बोटांना भेगा होत्या, मुंबईत त्याचे कपडे धुवून धुवून पडलेल्या. पोटातून पाझरणारं पाणी, हिरड्यांतून येणारं रक्त, ती सगळं उघड्या हातांनी पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला बापाजवळ बसवलं, कण्हला तर पाण्याने ओठ ओले कर, पाजू नको, असं सांगितलं आणि भावजयीला पहिल्या एसटीने महाडला नेलं. ती वाटेत दोनदा म्हणाली, आज नको, परत कधी येऊ. मी स्टँडवर उतरून तिला सरळ दवाखान्यात नेलं. सिस्टरने विचारलं, आधीचे दोन कधी झाले. मग म्हणाली, उशीर झालाय पण चालेल, पहिल्यापासून सुरू करायला नको, आणि डाव्या दंडात तिसरं दिलं. महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून ताकद आली का बघा म्हणाली. परतीच्या गाडीला वेळ होता. समोरच्या दुकानातून रबरी हातमोज्यांचा डबा घेतला, जखमेच्या कापसाचं बंडल घेतलं, आणि स्टँडवर जाऊन पोलादपूरच्या गाडीत आम्ही जागा धरली.